पान एक्केचाळीस

अम्मान
९ जानेवारी २०१४

प्रिय रस्मिया खाला,

सलाम. फोनवर मी नुसतं हो-हो करते आणि तुझं अर्धं बोलणं ऐकतच नाही, अशी तुझी तक्रार असते. म्हणून कागदावर लिहितेय. मिनीबसवाला अबू राकान परवा तलअत-सिद्रला येतोय, त्याच्या हाती पाठवते.

बातमी अशी की माझं पुस्तक संपलं. हसू नकोस, पुस्तकच आहे, चांगलं एकशे बारा पानांचं. सुईवाटे थेंबाथेंबाने औषध देणारा जो नवा पंप सरकारी इस्पितळांत येणार आहे, त्याचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीने अरबीत आणलं आणि माहितीपुस्तिका मी लिहिली. सात इस्पितळांत जाईल. त्यात तुझंही आहे. म्हणजे तुझ्या बाळांच्या वॉर्डात, तुझ्या टेबलावर, मी असेन.

इथे उस्ताद होवसेप म्हणून एक म्हातारे आहेत, अशरफियेत राहणारे अर्मेनियन. त्यांचं काम एकच. शब्दांची यादी सांभाळायची. पडद्यावर जो शब्द, तोच पुस्तकात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. एका पानावर सात वेळा आला तरी सातही वेळा तोच. मी त्यांना म्हटलं, "उस्ताद, हे वाचून नर्सना झोप लागेल."

ते म्हणाले, "लागू दे. जाग आल्यावर तोच शब्द जागेवर सापडला म्हणजे झालं."

मी सगळ्यांसमोर त्यांना शब्दांचे किराणावाले म्हटलं. ऑफिस हसलं. तेही थोडे हसले. पण खाला, तूच ना माझ्या निबंधांवर लाल पेन्सिल फिरवायचीस? "एका ओळीत एकच शब्द दोनदा आला की पोरीच्या घरात शब्दांची टंचाई आहे असं वाटतं." आई गेल्यावर तुझ्या घरात टंचाई कसलीच नव्हती. ते या पुस्तकात दिसेल.

तुझी,
तमादुर


तलअत-सिद्र
५ मार्च २०१४

तमादुर, माझ्या लेकी,

पंप आले. तुझं पुस्तकही आलं, जाड फाइलमध्ये ओवलेलं, पानं काढता-घालता येतील असं. रविवारपासून वापरायला सुरुवात. गेले चार दिवस मी पोरींना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवतेय. आजवर यंत्राबरोबर आलेलं पुस्तक मी कधी तिसऱ्या पानापुढे वाचलं नव्हतं. हे माणसाने माणसाला सांगितल्यासारखं आहे. "काम झाल्यावर पंप पुन्हा वाहता करावा." वाहता करावा! मी तिथे थांबले आणि म्हटलं, ही माझ्या बहिणीची मुलगी.

एका पोरीने विचारलं, "सिस्टर, इथे आधी 'थांबवा' म्हटलंय आणि खाली 'बंद करावा'. दोन्ही एकच का?"

मी म्हटलं, "एकच गं. तू काय तार पाठवतेयस का, शब्द मोजायला? सुंदर लिहिलंय, ऐक."

सगळ्या हसल्या. ती बिचारी वही मिटून बसली.

दह्याचं वाळवलेलं जमीद पाठवतेय. अम्मानमध्ये मिळतं ते नुसतं खारट असतं.

तुझी खाला


तलअत-सिद्र
१९ मार्च २०१४

तमादुर,

जे झालं ते सरळ लिहिते.

सोमवारी, दुपारच्या नमाजानंतरची वेळ. बावीस दिवसांचं बाळ, नाव नायफ. शुरूक म्हणून एकवीस वर्षांची मुलगी आहे, तिचं पहिलं. त्याला झटके येत होते आणि ते आवरणारं औषध पंपातून अगदी मुंगीच्या पावलांनी जात होतं. नळी बदलायची होती. मी तुझं पुस्तक उघडून शेजारी ठेवलं, कारण पोरींना मीच सांगितलंय की पाठ आहे असं समजायचं नाही, पान बघायचं. पान एक्केचाळीस. पंप बंद करावा, असं होतं. पडद्यावर 'बंद करा' होतं. मी दाबलं. नळी बदलली. पुन्हा सुरू केला. आधीचीच मात्रा पुढे चालू राहते असं त्याच पानावर लिहिलं होतं, म्हणून मी आकड्याकडे पाहिलं नाही.

मात्रा तीच राहिली नव्हती. 'थांबवा' केलं की यंत्र बाळाला लक्षात ठेवतं. 'बंद करा' केलं की विसरतं, आणि सुरू केल्यावर मोठ्या मुलांसाठी ठरवलेली मात्रा धरतं. हे मला नंतर इंजिनियरने सांगितलं. वीस मिनिटांनी मी परत आले तेव्हा बाळाचे ओठ निळे होते.

तो जिवंत आहे. दोन दिवस यंत्राने श्वास दिला, आज स्वतः घेतोय. पुढचं कुणी काही सांगत नाही.

मला घरी बसवलंय. चौकशी समिती नेमलीय. वॉर्डात पाऊल टाकायचं नाही, फाइलला हात लावायचा नाही. डॉक्टर म्हणतात, पुस्तकात 'थांबवा' असणार, सिस्टर, तुम्ही घाईत दुसरं बटण दाबलंत. चौतीस वर्षांत मी घाई केलेली नाही. पण आता मलाच खात्री वाटेनाशी झालीय. डोळे मिटले की कधी एक शब्द दिसतो, कधी दुसरा.

तुझ्याकडे पुस्तक आहे. पान एक्केचाळीसवर काय आहे ते मला कळव. लवकर.

खाला


अम्मान
२३ मार्च २०१४

प्रिय खाला,

तुझं पत्र मिळालं. बाळ श्वास घेतंय हे सगळ्यात मोठं. देवाची कृपा.

पान एक्केचाळीस पाहिलं. तिथे 'थांबवा' असंच आहे. दोन्ही ठिकाणी. अशा धांदलीत कुणाचंही होऊ शकतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. तू दमली होतीस. मी कितीदा म्हटलंय की सलग बारा तास उभं राहण्याचं तुझं वय नाही. समितीसमोर शांत राहा, त्यांना तुझी चौतीस वर्षं माहीत आहेत.

अबू राकानबरोबर एक शाल पाठवतेय, अस्सल लोकरीची, आणि वस्तल-बलदच्या जुन्या बाजारातल्या तुझ्या आवडत्या दुकानातली तिळाची काक बिस्किटं. गुडघ्यांसाठी मलमही आहे. इथे या आठवड्यात फार वारा आहे. कामही खूप आहे, पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची चाललीय, किरकोळ दुरुस्त्या. म्हणून जास्त लिहीत नाही. सुट्टी मिळाली की येते.

आणखी काही लागलं तर सांग. काहीही.

तुझी,
तमादुर


तलअत-सिद्र
११ एप्रिल २०१४

तमादुर,

शाल मिळाली.

समिती रविवारी बसली. वॉर्डातली फाइल आणली, सगळ्यांसमोर पान एक्केचाळीस उघडलं. डॉक्टरांनी ते माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "वाचा, सिस्टर. मोठ्याने." मी वाचलं. दोन्ही ठिकाणी 'थांबवा'. ते पान मी बराच वेळ पाहिलं. मग म्हटलं, "माझंच चुकलं असेल."

त्यांना तेवढंच हवं होतं. ठपका ठेवून मला वॉर्डातून काढलं. आता मी तळघरात चादरी मोजते. सप्टेंबरात निवृत्ती आहेच. पोरी जिन्यात भेटल्या की नजर चुकवतात. ज्या मुलीला मी गप्प केलं होतं ती तेवढी थांबून सलाम करते, आणि तेच मला सोसत नाही.

शुरूकच्या घरी गेले होते. ती उंबऱ्यातच उभी राहिली. मी म्हटलं, माझ्या हातून झालं. ती म्हणाली, "माझ्या सासूने सांगितलं होतं, सिस्टर रस्मिया आहे, डोळे मिटून ठेव बाळ तिच्या हातात. मी मिटले." मग ओरडली. गल्लीतले लोक बाहेर आले. मी ऐकून घेतलं आणि घरी आले.

तू सुट्टी मिळाली की येते म्हणाली होतीस. घाई नाही.

खाला


अम्मान
४ मे २०१४

खाला,

हे पत्र मी पाचव्यांदा लिहितेय. मधे दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा हवेबद्दल बोलले.

तू बरोबर वाचलं होतंस. पान एक्केचाळीसवर 'बंद करावा' होतं. ते मी लिहिलं होतं. वरच्या ओळीत 'थांबवा' येऊन गेला होता, पुन्हा तोच शब्द नको म्हणून. पडद्यावर त्या नावाचं वेगळं बटण आहे हे मला माहीत होतं. लिहिताना मात्र माझ्या डोळ्यांपुढे पडदा नव्हता, वाक्य होतं. छापण्यापूर्वी पुस्तक होवसेपांनी तपासायचं होतं, पण बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते पंधरा दिवस रजेवर होते. मी म्हटलं, त्यांची वाट कशाला बघायची, आणि त्यांच्या जागी मीच सही केली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पान उघडलं. शब्द तिथे होता. मी उठून दार लावलं. तासाभरात तो बदलला, 'दुसरी आवृत्ती, किरकोळ दुरुस्त्या' असं लिहून पान छपाईला दिलं. आमचा माणूस तुमच्या वॉर्डात जाऊन जुनं पान काढून नवं लावून आला. त्यानंतर मी तुला लिहिलं की तिथे 'थांबवा' असंच आहे. ते खोटंही नव्हतं, असं मी स्वतःला समजावत होते. तू वाचायचीस तेव्हा ते खरं असणार होतं.

तू समितीपुढे माझं बदललेलं पान मोठ्याने वाचलंस. तुझं ते पत्र मी कपाटात ठेवलं, मग बॅगेत, मग पुन्हा कपाटात. कुठेही ठेवलं तरी ते तिथे असतं.

मी आपणहून बोलले असते असं म्हणवत नाही. उस्ताद होवसेपांकडे प्रत्येक आवृत्तीची एक प्रत असते. गुरुवारी त्यांनी दोन पानं माझ्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली आणि विचारलं, "ही किरकोळ दुरुस्ती कशी सुचली?"

मी सांगितलं. सगळं. तुझं नाव, बाळाचं नाव. मला वाटलं ते बोलतील, मी ज्या सुरात त्यांना किराणावाले म्हटलं होतं त्या सुरात. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "पुस्तक सात इस्पितळांत गेलंय. तुमच्या मावशींकडे आपला माणूस गेला. बाकी सहा ठिकाणी नवं पान टपालाने गेलं, बरोबर एक ओळही नाही की हे का बदललं. किरकोळ म्हटलेलं पान कोण लावतं? टेबलाच्या खणात पडलं असेल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खाला. सहा वॉर्ड. सहा आठवडे मी फक्त माझं नाव झाकत होते.

आम्ही त्याच दुपारी सहाही ठिकाणी फोन केले. आज संचालकांना लेखी कबुली दिली. तुमच्या समितीला जुन्या पानाची प्रत उद्या जाईल, माझ्या सहीने.

तुझ्याकडे क्षमा मागण्याचं तोंड नाही. शुक्रवारी येऊ का? उंबऱ्यात उभी राहीन.

तमादुर


तलअत-सिद्र
१५ मे २०१४

तमादुर,

येऊ नकोस.

मला माहीत होतं. डॉक्टरांनी पान पुढे सरकवलं तेव्हाच कळलं. आसपासची पानं पोरींच्या चहाने डागाळलेली, कोपरे दुमडलेले, आणि हे एक कोरं करकरीत. खाली आवृत्तीची तारीख होती, बावीस मार्च. माझं पत्र तुला मिळाल्यानंतरची. तू मला 'तिथे थांबवा असंच आहे' लिहिलंस त्याच्या आदल्या दिवसाची. मी तुला लिहिलं होतं ना, ते पान बराच वेळ पाहिलं. काय पाहत होते असं तुला वाटलं?

मी तेव्हाच बोट ठेवून दाखवू शकले असते. नाही दाखवलं. घरी येऊन वाटलं, ती आज फोन करेल. मग वाटलं, जुम्याला करेल. तू वाऱ्याबद्दल बोललीस. मी म्हटलं, हो, इकडेही वारा आहे. आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, कशासाठी ते आठवेना.

मला वाटत होतं मी तुला संधी देतेय. मोठं मन वगैरे. तुझ्या पत्रातलं सहा वॉर्डांचं वाचलं आणि ते सगळं उतरलं. पान बदललंय हे इथे एकट्या मला कळलं होतं. तू तुझं नाव झाकलंस, मी बहिणीच्या मुलीचं. त्या चार आठवड्यांत कुठे दुसऱ्या बाळाची नळी बदलली असती तर? तुला शरम वाटते ती तुझी तू बघ. माझ्या वाट्याची माझ्याकडे आहे. आकड्याकडे न पाहण्याची, त्या पोरीला गप्प करण्याची, आणि गप्प बसण्याची.

तू लहानपणी ताट फोडलंस तरी आधी सांगायला यायचीस. ते मी शिकवलं नव्हतं, तुझं तूच होतं. ते कुठे गेलं, याचा विचार मी सध्या करते. मला तुझं तोंड बघवणार नाही. कधी बघवेल माहीत नाही.

तोवर दोन कामं. सहाही ठिकाणी स्वतः जा, फोनवर विसंबू नकोस. आणि शुरूकला सांग. मी सांगणार नाही. ते तुझं आहे.

रस्मिया


अम्मान
२२ जून २०१४

खाला,

दोन्ही कामं झाली. कशी झाली ते लिहिते.

सहाही ठिकाणी गेले. उस्ताद होवसेप बरोबर आले, गुडघे दुखत असताना. चार ठिकाणी पान बदललेलं होतं. एका ठिकाणी ते पाकिटातच होतं, पाकीट फोडलेलंही नव्हतं. आणि एका ठिकाणी जुनं पान आणि नवं पान एकामागे एक लावलेली होती. तिथल्या नर्सने मला विचारलं, "मॅडम, आम्ही यातलं कुठलं धरायचं?" ती माझी चूक दाखवत नव्हती, खरंच विचारत होती. तिने दोन्ही पानं जपून ठेवली होती. मी जुनं पान काढलं. फाइलची कडी मला उघडेना, ती तिनेच उघडून दिली.

प्रत्येक ठिकाणी मी नर्सना समोर बसवून सांगितलं की पुस्तकात काय चुकलं होतं, कुणी चुकवलं आणि त्याने एका बाळाचं काय झालं. पहिल्या ठिकाणी "पुस्तकात चूक राहून गेली" असं म्हणाले. होवसेप मागे बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "राहून गेली की केली? एका गोष्टीला एकच शब्द." दुसऱ्या ठिकाणापासून "मी केली" म्हटलं.

नोकरी गेली. ते बरोबरच आहे. होवसेपांनाही ताकीद मिळाली, त्यांच्या जागी दुसरं कुणी सही करू शकलं म्हणून. ते बरोबर नाही, पण त्यांनी ती घेतली. तुमच्या समितीने तुझ्यावरचा ठपका मागे घेतल्याचं मला संचालकांकडून कळलं, तुझ्याकडून नाही.

मग परवा शुरूककडे. तुझ्या गावात येऊन तुझ्या गल्लीवरून गेले नाही, वरच्या रस्त्याने गेले. तिने आत घेतलं. नवरा कामावर होता, सासू कोपऱ्यात बसलेली. बाळ झोपलं होतं. तिने माझ्यापुढे कॉफी ठेवली. मी कप उचलला नाही. सासूने ते पाहिलं आणि ताठ झाली. मागणं घेऊन आलेला माणूसच कप तसा ठेवतो, हे तिला सांगावं लागलं नाही.

मी सांगितलं. शेवटी शुरूकने विचारलं, "म्हणजे सिस्टर रस्मियांचं चुकलं नव्हतं?"

मी म्हटलं, "पुस्तकात लिहिलं होतं तसंच त्यांनी केलं."

"आणि त्या माझ्या दारात येऊन माझ्या हातून झालं म्हणाल्या. मी त्यांना सगळ्या गल्लीसमोर बोलले."

"हो."

तिने कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "कॉफी प्या. माफ केलं म्हणून नाही. लांबून आलात म्हणून. माफीचं नायफ बोलायला लागला की त्यालाच विचारा."

मी प्याले. आत बाळ उठलं, रडलं. तिने मला ते दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता एका शाळेत संध्याकाळी मुलींना अरबी शिकवते. तुला आणखी काही मागत नाही.

तमादुर


तलअत-सिद्र
१४ सप्टेंबर २०१४

तमादुर,

रमजानही गेला, ईदही गेली, तुला पत्र नाही. काय लिहावं सुचत नव्हतं. आज लिहिते.

शुरूक जुलैत आली होती. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मी जे बोलले ते परत घ्यायला आलेय." मी म्हटलं, "सगळं नको घेऊस. आकडा न बघणं माझंच होतं." ती आत आली. तेव्हापासून अधूनमधून येते. मला वॉर्डात परत घेतलं होतं, शेवटचे दोन महिने. निवृत्तीचा निरोप परवा झाला. त्या पोरीला, जिला मी गप्प केलं होतं, सगळ्यांसमोर सांगितलं की तू विचारलंस ते बरोबर होतं. ती रडायला लागली. मला वाटलं होतं माझं ओझं हलकं होईल. झालं नाही, पण तिचं झालं असावं.

आज शुरूकबरोबर नायफला तपासायला घेऊन गेले होते. सहा महिने झाले त्याला. हसतो. उजव्या हाताने माझं बोट धरलं, सुटेना इतकं घट्ट. डावी मूठ मात्र मिटलेली राहते. डॉक्टरांनी ती उघडून पाहिली, सोडली, ती पुन्हा मिटली. हे त्या दिवसामुळे की आधीच्या झटक्यांमुळे, असं शुरूकने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ते कुणालाच सांगता येणार नाही." कधीच नाही का, असं तिने विचारलं. ते म्हणाले, "कधीच नाही."

घरी आले. चहा ठेवला, विसरले, आटून गेला. शुरूकपुढे मी धीराची माणूस होते. आता इथे बसून हे कुणाला सांगावं असा विचार करते तर दुसरं नाव येत नाही. 'कधीच नाही' म्हणजे काय, हे या जगात शुरूकनंतर आपल्या दोघींनाच कळतं.

शुक्रवारी ये. मी माफ केलं असं समजून येऊ नकोस. मला हे एकटीने पेलत नाही, म्हणून ये.

तुझी खाला